कॉपी

कॉपी करू नका, असे वर्गात मुलांना बजावणारा मी शिक्षक. उर्दू माध्यमाच्या शाळेत गेली सोळा वर्षे हेच सांगत आलो आहे. त्यांतली नऊ वर्षे माझ्याच घरात एक कॉपी राजरोस चालू होती आणि मला तिची लाज वाटत नव्हती.

बी.एड. होऊन नोकरी लागली, तेव्हा २०१० साली मालेगावात मी सुटे भाग जोडून केलेला संगणक घेतला. दुकानदाराने त्यात विंडोज सेव्हन 'टाकून' दिले. त्याचे वेगळे पैसे त्याने मागितले नाहीत, मीही विचारले नाही. सगळेच तसे वापरत. काही दिवसांनी पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात इंग्रजी ओळ उमटली : ही प्रत जेन्युइन नाही. पुढे तिचीही सवय झाली.

२०१९ च्या सहामाही परीक्षेत सातवीतल्या एका मुलाकडे चिठ्ठी सापडली. "सर, मित्राने दिली," तो म्हणाला. मी त्याला सर्वांसमोर उभे करून इमानदारीवर बरेच बोललो. त्याच संध्याकाळी कार्टून बघता बघता माझा आठ वर्षांचा मुलगा ती ओळ अक्षरे जुळवत वाचू लागला.

"अब्बा, जेन्युइन म्हणजे काय?"

"अस्सल."

"मग आपले नकली आहे?"

"दुकानदाराने दिलेय," मी म्हणालो, आणि सकाळचा तो मुलगा डोळ्यांसमोर उभा राहिला.

विंडोज विकत घेणे तेव्हा खिशाला जड होते. पॉलिटेक्निकला शिकणारा भाचा पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घेऊन आला. "मामू, आधी यावरूनच चालवून बघा. पटले तर संगणकात टाकू." लिनक्सची सुरुवात १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केली. पुढे जगभरच्या लोकांनी ते वाढवले. त्याचा परवानाच असा, की कोणीही ते वापरावे, बदलावे, त्याची प्रत दुसऱ्याला द्यावी. जे तिथे चोरी ठरते, त्याला इथे रीतसर मुभा आहे.

करमणुकीची अडचण फारशी आली नाही. अब्बांच्या कव्वालीच्या जुन्या सीडी व्हीएलसीवर वाजू लागल्या. तोही असाच खुला प्लेअर. पॅरिसजवळच्या एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेला. लहान मुलीला जीकॉम्प्रीमधले खेळ आवडले. मुलाचा क्रिकेटचा गेम मात्र चालेना. तो दोन दिवस रुसला.

खरी किंमत मला मोजावी लागली ती उर्दूपायी. माझ्या सगळ्या प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये होत्या, आणि ते विंडोजवरचे. जुन्या फाइली लिब्रे ऑफिसमध्ये उघडेनात. 'नोटो नस्तालीक उर्दू' हा खुला फाँट मिळाला, पण बोटांना नवी कळफलकाची मांडणी शिकवावी लागली. रात्री यंत्रमागांची खडखड ऐकत मी एकेक प्रश्नपत्रिका पुन्हा टंकत बसे. बेगम म्हणे, "जुने परत का नाही टाकत? कोण बघायला येतेय?" दोनदा मनात आलेही. पण बघणारा घरातच होता.

शाळेच्या कार्यालयात आजही इनपेज आहे. मी पीडीएफ करून देतो, काम निभावते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा नेहमीचा आधार संपला. पुष्कळ जुन्या संगणकांवर विंडोज इलेव्हन रीतसर चढत नाही. तेव्हापासून सहकारी विचारायला येतात. कोणाचे इनपेजवाचून खरोखरच अडते, त्याला मी आग्रह करत नाही. बाकीच्यांना पेन ड्राइव्ह देतो.

परवा थोरल्यानेच, आता तो चौदाचा आहे, मित्रासाठी पेन ड्राइव्ह तयार केला. जाताना दारात थांबून हसत म्हणाला, "अब्बा, ही कॉपी चालते ना?"

"चालते," मी म्हटले. या वेळी उत्तर देताना मला नजर चुकवावी लागली नाही.