हवापालट

इंग्रज मनुष्य अपरिचिताशीं बोलूं लागला कीं प्रथम हवेविषयीं बोलतो, असें आमच्या विद्यार्थिदशेंत आमच्या एका गुरुजींनीं सांगितलें होतें. त्याचें कारणहि त्यांनींच सांगितलें: हवा हा विषय असा आहे कीं त्यावर बोलल्यानें कोणाचें मन दुखावत नाहीं. महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितांना हा चुटका आम्हीं शेंकडों विद्यार्थ्यांस ऐकविला व वर्गाला हंसविलें. अलीकडे मात्र तो सांगण्याचें आम्हीं सोडून दिलें आहे. हवेविषयीं बोलल्यानें आतां मन दुखावतें. आणि पहिल्यानें दुखावलें तें आमचेंच.

मराठींत ‘हवापालट’ असा एक जुना व गोड शब्द आहे. आमच्या लहानपणीं मुंबईच्या एखाद्या नातलगाचा ताप रेंगाळला, कीं तेथील डॉक्टर औषधाच्या जोडीला हवापालट करावयास सांगत. आणि मग तो गृहस्थ ट्रंक व वळकटी घेऊन आमच्या पोलादपूरच्या घरीं उतरे. ज्यांच्या खिशांत चार पैसे अधिक असत ते आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वर गांठीत; साहेबलोकांनीं तें ठिकाण मुळीं हवापालटासाठींच वसविलेलें. ज्यांना तितकें झेपत नसे ते घाटाच्या पायथ्याशीं आमच्या ओटीवर मुक्काम ठोकीत. महिनाभर पेजभात खाऊन व सावित्रीच्या कांठीं फिरून पाहुण्याच्या गालांवर तजेला आला, कीं आम्हां मुलांना कोण अभिमान वाटे! ती हवा जणूं आमच्या वडिलांनींच घरीं करविली होती.

खरें सांगावयाचें तर त्या घरांत धूर होताच. भाताच्या रोपांसाठीं उन्हाळ्यांत राब भाजीत, डोंगरांवर वणवे लागत, आणि आईची चूल तर बारा महिने तेवत असे. तिचे लाल डोळे व तिचा पहांटेचा खोकला हें त्या चुलीचें देणें होतें, हें आम्हांस फार उशिरां कळलें. पाहुणा ओटीवर बसून हवा खाई. ती हवा आंत स्वयंपाकघरापर्यंत पोंचत नसे. एकाच घरांत दोन प्रकारची हवा असूं शकते, हा धडा तेव्हांच शिकतां आला असता; पण आम्ही ओटीवरच्या मंडळींपैकीं होतों.

तो धडा मिळाला २०२४ च्या नोव्हेंबरांत, दिल्लीस. परीक्षांविषयींच्या एका समितीच्या कामानें तेथें जावें लागलें. वीर स्थानकावर बसून पनवेलीस गाडी बदलली तोंपर्यंत प्रवास प्रवासासारखाच होता. मथुरा मागें पडल्यावर खिडकीबाहेरचीं शेतें दिसेनाशीं झालीं. आम्हांस प्रथम धुकें वाटलें. परंतु धुकें ओलें असतें. हें कोरडें होतें, आणि जळलेल्या पाल्यासारखें घशांत उतरत होतें. सकाळचे आठ वाजून गेले तरी सूर्य मळक्या तांब्याच्या पैशासारखा दिसे. त्याच्याकडे खुशाल टक लावून पाहावें. १८ नोव्हेंबर रोजीं त्या शहराच्या हवेचा निर्देशांक ४९४ होता. आपल्याकडे ज्या पट्टीनें हवा मोजतात ती पट्टी ५०० वर संपते. म्हणजे हवा बिघडावयाची राहिली होती असें नव्हे, मोजावयाचीच काय ती थोडी उरली होती.

स्थानकावरून आम्हांस नेणाऱ्या रिक्षावाल्याच्या तोंडावर कांहींच नव्हतें. आम्हीं मास्कविषयीं विचारलें तेव्हां तो जें म्हणाला त्याचा भावार्थ असा, कीं तोंड बांधून चौदा तास भाडीं कशीं ठरवावीं? समितीच्या खोलींत मात्र एका कोपऱ्यांत हवा गाळणारें पांढरें यंत्र मंदपणें घुमत होतें व त्यावर हिरवा दिवा होता. बाहेर दाराशीं स्टुलावर एक पहारेकरी बसला होता. दार उघडें राहूं नये, एवढेंच त्याचें काम. आंतली हवा आंत राहावी म्हणून तो बाहेरच्या हवेंत बसला होता आणि मधूनमधून खोकत होता. दोन दिवस आम्ही त्या दारांतून ये-जा केली. त्याच्याशीं एक शब्दहि बोललों नाहीं. बैठकींत अभ्यासक्रमाच्या मानवी मूल्यांवर पुष्कळ चर्चा झाली.

परततांना चेंबूरला मुलीकडे उतरलों. मुंबईला समुद्र आहे, तिला दिल्लीचें भय नाहीं, अशी आमची समजूत होती; आणि ती अगदींच खोटी नव्हती. दिवसा समुद्रावरून येणारा वारा शहर झाडून काढतो. परंतु हिवाळ्यांत हा वारा मंदावतो, उशिरां सुटतो, आणि मग बांधकामांची धूळ, गाड्यांचा धूर व कारखान्यांचे वायु जागच्या जागीं बसून राहतात. २०२३ च्या ऑक्टोबरांत तर मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन या प्रश्नाची दखल घेतली. त्यांतून चेंबूरचें दैव आगळें. एका अंगास माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, दुसऱ्या अंगास देवनारचा कचऱ्याचा डोंगर. २०१६ च्या आरंभीं त्या डोंगरास आग लागली तेव्हां तिचा धूर आकाशांतल्या उपग्रहासहि दिसला होता.

आमचा नातू सहा वर्षांचा आहे. दाराशीं आला तेव्हां त्याच्या हातांत वाफेचें औषध घेण्याच्या यंत्राची नळी होती. तिला तो सोंड म्हणतो. सोंड लावून दहा मिनिटें बसला व मग आईच्या फोनमध्यें पाहून म्हणाला, “आजोबा, आज हवा लाल आहे.” हवेच्या निर्देशांकाला रंग दिलेले आहेत: चांगल्याला हिरवा, वाईटाला नारिंगी, त्याहून वाईटाला लाल. मुलाला अजून जोडाक्षरें नीट येत नाहींत, पण हवेचे रंग सगळे येतात. आमच्या लहानपणीं हवेला रंग नव्हता.

ज्या कणांनीं हें होतें ते डोळ्यांना दिसत नाहींत. माणसाच्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉन धरली, तर अडीच मायक्रॉनचे अठ्ठावीस कण तिच्यावर शेजारीं शेजारीं मावतात. नाकांतले केस त्यांना अडवूं शकत नाहींत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत व तेथून रक्तांतहि जातात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ पासून त्यांची वार्षिक मर्यादा एका घनमीटर हवेंत ५ मायक्रोग्रॅम ठेविली आहे. आपल्या देशाची २००९ पासूनची मर्यादा ४० आहे. आपलीं फुप्फुसें आठपटीनें मजबूत आहेत, असें मात्र कोणत्याहि वैद्यकग्रंथांत लिहिलेलें नाहीं.

रात्रीं मूल निजल्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, नाताळच्या सुटींत त्याला महाडला घेऊन जा. तुमच्याकडची हवा चांगली आहे.” आम्हांस तो जुना अभिमान एकदम आठवला. आम्हीं तत्काळ होकार दिला.

पहिले चार दिवस मूल अंगणांत धांवलें, रायगडाच्या पायथ्याशीं जाऊन आलें, सोंडेची आठवणहि निघाली नाहीं. पांचव्या रात्रीं दोनच्या सुमारास आम्ही जागे झालों. खिडकींतून तो वास येत होता: किंचित् आंबूस, किंचित् कुजका, घशांत टोंचणारा. औद्योगिक वसाहतीच्या अंगानें तो आला एवढें सांगतां येईल; कोणत्या धुराड्यांतून, हें सांगतां येणार नाहीं. महाड डोंगरांच्या वाटींत वसलें आहे. थंडीच्या रात्रीं जमीन लवकर निवते, तिला लागलेली हवा जड होऊन वाटीच्या तळाशीं बसते, आणि वरच्या उबदार हवेचें तिच्यावर झांकण पडतें. मग जें सोडलें असेल तें पहांटेपर्यंत तेथेंच राहतें. आम्हां दोघां वृद्धांना तो वास संवयीचा होता. घरांतून खिडक्या लावून घेण्याचा आवाज आला. आमच्या सौभाग्यवती कांहीं न बोलतां उठल्या होत्या. पण मूल खोकूं लागलें होतें. खोकला थांबल्यावर त्यानें विचारलें, “आजोबा, इथल्या हवेचा रंग कोणता?”

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तीस वर्षें आम्ही या गांवांत राहत आहों. आम्हीं तें कधीं कोणाला विचारलेंच नव्हतें.

किंबहुना याहून वाईट कांहीं घडलें होतें. सात-आठ वर्षांपूर्वीं आमच्या आळींतील कांहीं मंडळी याच वासाविषयींचा एक तक्रार-अर्ज घेऊन आमच्याकडे सहीसाठीं आली होती. आम्हीं चहा दिला व “विचार करून सांगतों” असें म्हटलें. आमचा एक आवडता विद्यार्थी त्याच वर्षीं वसाहतींत नोकरीस लागला होता. घरांत पहिला पगार त्याचा. कारखान्यांवर बोट दाखविलें तर त्याच्या भाकरीवर येईल, असें आम्हीं मनाशीं ठरविलें व त्यालाच सहृदयता म्हटलें. अर्ज पुन्हा आमच्याकडे आला नाहीं.

मूल निजल्यावर आम्ही ओटीवर येऊन बसलों. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्याला अशा वेळीं लंडन आठवावें हें ओघानेंच आलें. जॉन एव्हलिन यानें १६६१ सालीं दुसऱ्या चार्ल्स राजाला उद्देशून लंडनच्या धुराविषयीं एक पुस्तिका लिहिली. तिच्यानंतर जवळजवळ तीनशें वर्षें लंडनकर तो धूर सोशीत राहिले. १९५२ च्या डिसेंबरांत पांच दिवस काळें धुकें बसलें, हजारों माणसें दगावलीं, तेव्हां कोठें १९५६ चा कायदा आला. आपल्याकडे कायद्यांची उणीव नाहीं. मुंबई इलाख्याला धुराविरुद्धचा कायदा १९१२ सालीं मिळाला, देशाला हवेविषयींचा कायदा १९८१ सालीं मिळाला, २०१९ सालीं राष्ट्रीय कार्यक्रमहि मिळाला.

पण कागदावरचा ठराव व घशांतला घोट यांतलें अंतर समजण्यासाठीं महाडकराला लंडनपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आमच्या नगरपालिकेनें चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव १९२४ सालीं केला होता. ठराव दप्तरांत राहिला आणि पाणी होतें त्यांच्याचकडे राहिलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों माणसांसह तळ्यावर गेले व ओंजळभर पाणी प्याले, तेव्हां तो ठराव खरा झाला. त्यानंतरहि गोमूत्र-शेणानें तळें ‘शुद्ध’ करणारे निघाले, आणि न्यायालयाचा शेवटचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडलें. त्या लोकांना दुसरें तळें शोधा, असें सांगणारे शहाणे तेव्हांहि असतील. त्यांनीं दुसरें तळें शोधलें नाहीं.

आम्हीं आयुष्यभर दुसरें तळेंच शोधलें. हवापालट या शब्दाचा अर्थ आम्ही माणसानें जागा पालटणें असा करीत आलों. ज्याला जागा पालटतां येते तो महाबळेश्वरास जातो, नाहीं तर यंत्र विकत घेऊन घरांत हवेची खासगी विहीर खणतो. ज्याला पालटतां येत नाहीं त्याचें काय होतें, तें माहुलला दिसलें. तानसाच्या जलवाहिनीकडेच्या झोपड्या हटवून तेथील माणसें त्या तेलकारखान्यांच्या शेजारीं नेऊन वसविलीं; शहराच्या पाण्याची वाट मोकळी झाली आणि ज्यांची वस्ती उठली त्यांचा श्वास कोंडला. त्यांतले किती दिल्लीच्या त्या पहारेकऱ्यासारखे दुसऱ्याच्या दारांबाहेर बसत असतील, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या विद्यार्थ्याला बोलावून घेतलें. त्याच्या कानांजवळचे केस आतां पांढरे होऊं लागले आहेत. आम्हीं जुन्या अर्जाची हकीकत सांगितली व सही कां केली नाहीं तेंहि सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, तुम्हांला वास रात्रीं दोनला येतो. आम्हांला ड्युटी सुरू झाल्यापासून येतो.” उठतां उठतां दाराशीं थांबला. “माझी सही घेऊं नका. घर चालवायचं आहे. पण अर्ज लिहा, सर. तुमची नोकरी त्यांच्या हातांत नाहीं.”

त्याच्या भाकरीच्या नांवाखालीं आम्हीं स्वतःची स्वस्थता जपली होती, हें याहून सौम्य शब्दांत कोणालाहि सांगतां आलें नसतें.

अर्ज आम्हीं लिहिला. त्यांत कारखाने बंद करा असें नाहीं. तीं माणसें आमच्याच वर्गांत बसलेलीं आहेत. हवेंत कोणता वायु किती आहे तें रात्रींहि मोजावें, मोजलेलें एस. टी. स्थानकाच्या दारांत फलकावर लिहावें, आणि वास आला असतां ज्याला बोलावतां येईल असा एक अधिकारी नेमून द्यावा, एवढ्या तीन मागण्या आहेत. पहिली सही आमची आहे. आतांपर्यंत एक्केचाळीस झाल्या. कांहीं ठिकाणीं चहा मिळाला व “विचार करून सांगतों” असें उत्तर मिळालें. तें उत्तर आम्हांस ओळखीचें असल्यामुळें आम्ही तेथें दुसऱ्यांदां जातों.

नातू सुटी संपल्यावर मुंबईस परत गेला. हिवाळ्यांत तो रोज संध्याकाळीं फोनवरून आपल्याकडचा रंग सांगतो. परवां नारिंगी होता. मग विचारतो, “आणि तुमच्याकडे?”

विचारलें आहे, असें आम्ही त्याला सांगतों.