नागद्वारीच्या वाटेवर

भोपाळात तीस वर्षे हिंदीतून शिकवले. आई गेल्यावर घरातली मराठीही आटली. एका नागपंचमीला धाकट्या लेकीला पचमढीस नेले. १९८१ साली घोषित झालेल्या सातपुडा राष्ट्रीय उद्यानातून जाणारी नागद्वारीची वाट वर्षातून याच दिवसांत खुली होते. हांडी खोहचा कडा, रजत प्रपात पाहून लेक हरखली होतीच. पण या वाटेवर विदर्भातल्या बाया भर पावसात महादेवाची गाणी म्हणत कडा चढताना दिसल्या, तशी ती थबकली.

"बाबा, ये तो आजी जैसा बोलती हैं!"

मला उत्तर सुचेना. रान राखायला सरकारने कायदा केला. आईची बोली राखणे माझ्याकडे होते. परतताना बसमध्ये तिला आजीच्या यात्रेची हकीकत मराठीतून सांगितली. मीच अडखळत होतो.