तीन छटांचा अनंत

सकाळी अनंताचं फूल पेल्यात ठेवून बसलो. ठरवलं होतं, छटा तीनच: गडद, मधली, उजळ. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून त्यात पांढरा घातला, करडा तयार झाला. डोळे किलकिले करून पाहिलं तर पांढरं फूल पांढरं नव्हतंच. सावलीतल्या पाकळ्या मागच्या भिंतीपेक्षाही काळवंडलेल्या. पाकळी न् पाकळी रंगवायची, ही माझी जुनी खोड. आज सावलीतल्या पाच-सहा पाकळ्या एकाच करड्यात बुडवल्या, कडा विरघळू दिल्या. जीव कासावीस झाला, पण हात आवरला. चित्रकार एदुआर माने शेवटच्या आजारपणात, १८८२-८३मध्ये, छोट्या फुलदाण्या रंगवत होता. त्याचे ते मोजके फटकारे आठवले. निव्वळ टिटॅनियम व्हाइट शेवटपर्यंत राखला. एकच ठिपका दिला. तोवर पेल्यातलं फूल कडेनं पिवळं पडू लागलं होतं.