ओल आणि ठिणगी

नर्मदेवर पाऊस कोसळू लागला की तिलवारा घाटाचे रूप पालटते. १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी येथे विसर्जित झाल्या. एरवी शांत वाहणारे ते पात्र आता गढूळ होते, आणि वर बरगी धरणाचे दरवाजे उघडले की पाणी एकेक पायरी गिळीत चढते. जबलपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अशा दिवशी एखादी मोटारसायकल उचकी लागल्यासारखी अडखळते आणि बंद पडते. स्वार दूधवाला असेल, तर त्याचा दिवस तेथेच बुडतो.

टाकीत पेट्रोल असते, इंजिन धडधाकट असते; हरवलेली असते ती ठिणगी. बॅटरीच्या १२ व्होल्टांतून कॉइल हजारो व्होल्टांचा दाब निर्माण करते. हा दाब प्लगपर्यंत कोरड्या वाटेने न्यावयाचा असतो. शुद्ध पाणी विजेचे मंद वाहक. परंतु चाकांनी उडविलेल्या पाण्यात माती आणि क्षार असतात. प्लगच्या टोपीच्या भेगेत ते शिरले की वीज प्लगच्या फटीत उडी न घेता ओल्या वाटेने इंजिनाच्या धातूत विरून जाते. जुन्या राजदूत-येझदीच्या पॉइंटांवरही ओल बसे. पुढे पॉइंट गेले, तारांचे जोड मात्र राहिले. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, तसे हे तांब्या-पितळेचे जोडही पावसाळ्यागणिक हिरवे पडत जातात.

खरी अडचण पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी ऊन पडते, गाडी मिस्त्रीकडे जाते आणि पहिल्याच किकला सुरू होते. ताप वैद्याच्या दारात उतरावा, तसे हे. मालकाला मिस्त्री अडाणी वाटतो, मिस्त्रीला मालक संशयी. मग अंदाजाने कॉइल बदलली जाते आणि पुढच्या सरीत गाडी पुन्हा थांबते.

जाणता मिस्त्री मालकाचा शब्द खरा मानतो आणि पाऊस स्वतःच आणतो. तिन्हीसांजेनंतर, अंधारात, तो चालू इंजिनाच्या प्लगच्या तारेवर पाण्याचे थोडे थेंब दुरूनच शिंपडतो. तारेला हात लावीत नाही. भेगेतून निळसर ठिणगी बाहेर चमकते, इंजिन अडखळते, दोष सापडतो. नवी टोपी, घासून कोरडे केलेले जोड, वर ग्रीसचा पातळ लेप: एवढ्यात काम होते. उन्हात दिसत नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. ते ज्या हवेत उद्भवते, त्या हवेत जाऊन पाहावे लागते.