घर पाहावे हलवून

‘लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून’ असं म्हणणाऱ्या पूर्वजांना भाड्याच्या घराचा अनुभव नसावा. नाहीतर ‘घर पाहावे हलवून’ हे तिसरं कलम त्यांनी नक्की जोडलं असतं. कोथरूडची आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आणि तीन वर्षांसाठी कर्वेनगरात भाड्याने राहायचं ठरलं. अंतर म्हणाल तर जेमतेम दोन किलोमीटर. संध्याकाळी फिरायला मी याहून लांब जातो. पण फिरायला जाताना मी लोखंडी कपाट बरोबर नेत नाही.

पूर्वी हे काम सोपं होतं. नाक्यावरचा टेम्पो ठरवायचा, चार मित्र गोळा करायचे आणि शेवटी त्यांना मिसळ खाऊ घालायची. (आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीने 2005 साली नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण पुणेकरांनी ते मनावर घेतलेलं नाही. सामान वाहणारी गाडी कुणाचीही असो, आमच्या लेखी तो टेम्पोच.) आता टेम्पो आहेत, पण मित्रांनी गुडघे बदलून घेतलेत. तेव्हा ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ला शरण जाणं आलं.

पहिल्याने फोनवरच सांगून टाकलं, “सहा हजार, फायनल!” सामान न बघता! मुलगी न बघता होकार देणाऱ्या स्थळाचा येतो तसा मला संशय आला. शिवाय शेजाऱ्यांची कथा ताजी होती. त्यांचं सामान असंच स्वस्तात चढलं आणि नव्या घराच्या फाटकाशी पोचल्यावर दर दुप्पट झाला. पैसे मोजेपर्यंत गाडीचं फाळकं काही खाली आलं नाही. “अहो, जिन्याचे, कपाट सोडवायचे, सगळे पैसे आधी कागदावर घ्या,” ही सौ.ची सूचना त्या घटनेनंतरची.

दुसरा टाय लावून आला. तळहातावरच्या यंत्रात त्याने आमचा संसार उतरवून घेतला. माझ्या आयुष्यभराच्या पुस्तकांची नोंद त्याने ‘इतर’ या सदरात केली, तेही मी सोसलं. माणूस कायद्याचा मात्र पक्का होता. मालाची जास्त किंमत आधी लिहून देऊन त्याचा जादा आकार भरला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहा पटींपुढे जात नाही, हे 2007 च्या कायद्याखालचे नियम त्याने मला समजावले. म्हणजे नऊ हजार भाडं, तर नव्वद हजारांपर्यंतच फोडायची मुभा! मी मनातल्या मनात टीव्ही, फ्रिज आणि काचेच्या कपाटाची बेरीज करत होतो, तेवढ्यात तो स्वयंपाकघरात शिरला.

“आणि हा दगड इथेच सोडायचा ना?”

तो दगड म्हणजे आईचा पाटा. लग्नानंतर साताऱ्याहून एस.टी.च्या टपावर बसून आलेला. मधोमध झिजून त्याची परात व्हायची वेळ आली आहे. टाकी लावणाऱ्या बायका आताशा फिरकत नाहीत आणि चटणी मिक्सरमध्ये होते, हे आईलाही कळतं. चौऱ्याऐंशी वर्षांची आई एरवी कुणाला बोलू देत नाही. त्या वेळी ती काहीच बोलली नाही. टायवाल्याला मी चहा पाजून वाटेला लावलं.

तिसरा पौड फाट्याकडचा, डोक्याला मुंडासं. त्याने सामान पाहिलंच नाही. आधी जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, वळणावर कपाटासाठी वीत लावली आणि म्हणाला, “साहेब, आधी नवं घर दाखवा. कपाट इथून निघेल हो, पण तिथं शिरायला पाहिजे ना!” हे वाक्य ऐकल्यावर साडेआठ हजारांत घासाघीस करायला माझी जीभ रेटेना. त्यातून मजुरांची नावं आणि जिन्याचा आकार त्याने मागण्याआधीच कागदावर लिहिला.

आई दाराशी उभी होती. मला कधी न विचारलेला प्रश्न तिने त्याला विचारला, “तीन वर्षांनी परत आणायलाही तुम्हीच याल ना?”

त्याने एकदा पाट्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. “येणार की आजी.” आणि यादीत पहिल्या ओळीवर लिहिलं : पाटा-वरवंटा, नग 1, जाणे-येणे.