हातोडीवाला चांद्रवीर

चि. मुक्ता,


तू भूशास्त्र घेतलंस तेव्हापासून घरी येणारा-जाणारा ‘दगड गोळा करून पुढे काय?’ असं विचारतो, असं ताई म्हणाली. त्यांना उत्तरं देत बसू नकोस. तुझ्यासाठी मात्र एका दगडवाल्याची हकिगत लिहितो.

हॅरिसन श्मिट न्यू मेक्सिकोतला, खाणींच्या मुलखात वाढलेला. वडीलही भूवैज्ञानिक. कॅलटेक, मग नॉर्वे, 1964 मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट. पुढच्याच वर्षी नासाने अंतराळवीर म्हणून पहिल्यांदा सहा शास्त्रज्ञ निवडले, त्यांत हा होता. विमान चालवता येत नव्हतं. वर्षभर खपून जेट शिकला. तरी लष्करी वैमानिकांच्या रांगेत शास्त्रज्ञ शेवटीच.

मला त्याची ही थांबण्याची वर्षं सगळ्यांत आवडतात. त्या काळात कुढत न बसता त्याने कॅलटेकमधले आपले जुने शिक्षक ली सिल्व्हर यांना बोलावून आणलं आणि चंद्रावर जाणाऱ्या वैमानिकांना वाळवंटात हिंडवून खडक वाचायला शिकवलं. आपण जाऊ की नाही याचा पत्ता नसताना!

1970 मध्ये त्याची संधी ज्या मोहिमेत होती, ती अपोलो 18 रद्द झाली. शेवटच्या मोहिमेत तरी भूवैज्ञानिक हवाच, असा आग्रह शास्त्रज्ञांनी धरला आणि जो एंगल या उमद्या वैमानिकाला बाजूला सारून श्मिट अपोलो 17 वर गेला. एंगलवर अन्याय झाला, हे मी नाकारत नाही. पण निर्णय योग्यच होता.

डिसेंबर 1972. टॉरस-लिट्रो दरीत श्मिट आणि यूजीन सर्नन उतरले. दुसऱ्या दिवशीच्या फेरीत शॉर्टी नावाच्या विवराच्या काठावर, राखाडी धुळीत श्मिटच्या बुटाखाली केशरी माती उघडी पडली. वेळ मोजका, तरी त्याने चर खणला, थरांचा रंग कुठे बदलतो ते सांगत गेला, नमुने घेतले. त्याला वाटलं, हा अलीकडच्या ज्वालामुखीचा पुरावा. तो अंदाज चुकला. ते काचेचे बारीक मणी सुमारे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या कारंज्यातून उडालेले निघाले. उल्का आदळून विवर झालं तेव्हा ते वर आले. पण निरीक्षण पक्कं होतं, म्हणून नमुना टिकला आणि 2011 मध्ये त्याच मण्यांत अडकलेल्या लाव्ह्यात पाण्याचा अंश सापडला. चंद्र आतून अगदीच कोरडा, ही समजूत मोडली.

दोघांनी मिळून सुमारे 110 किलो दगड-माती आणली. चंद्रावरच्या धुळीने श्मिटला सर्दीसारखा त्रास झाला, हेही वाचून ठेव! निघण्याआधी त्याने हातोडी लांब भिरकावली. पुढे एकदा सिनेटर झाला. हवामानबदलाबद्दलची त्याची मतं मला साफ अमान्य आहेत. खडक वाचणारा माणूस हवेबाबत इतका हट्टी कसा, कळत नाही.

तुमची सहल लोणारला चालली आहे ना? ते विवरही बेसॉल्टमध्येच, उल्केच्या आघाताने झालेलं, म्हणून चंद्राच्या अभ्यासकांनाही तिथल्या खडकांत रस आहे. काठावर बेसॉल्टचे थर बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात का ते पाहा. मोबाइलवरचे फोटो नकोत, वहीत आकृती काढून पाठव.

तुझा,
मामा