संगमाचा बिंदू

नदीचे गणित संगणकावर मांडावयाचे तर प्रथम नदीच टाकून द्यावी लागते. वळणे, घाट, मळी काही उरत नाही. उरतात ते ठिपके आणि त्यांस जोडणाऱ्या रेघा. ठिपक्यास आम्ही ‘नोड’ म्हणतो. उपनदी मिळते, धरण अडविते, कालवा पाणी उचलतो, तेथे तेथे एक नोड. धरण सोडल्यास नोडमध्ये पाण्यास वेळ लागत नाही. प्रवासाचा काळ सारा रेघेत.

कृष्णेचे असे चित्र मांडताना एक गंमत ध्यानी आली. कऱ्हाडास कोयना, हरिपुरास वारणा, नृसिंहवाडीस पंचगंगा. गणिताने जेथे नोड मागितला, तेथे पूर्वजांनी आधीच देऊळ बांधून ठेविले होते! कोयनेच्या जलाशयावरून मात्र एक रेघ उलट पश्चिमेस काढावी लागली, कारण तेथील पुष्कळसे पाणी वीज करून घाटाखाली वाशिष्ठीस मिळते. पंचगंगेच्या पाच नद्यांपैकी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती मोजता आल्या. पाचवी सरस्वती गुप्त. तिला नोड दिला नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे दिवस मी या चित्रात घातले. संगमाखालचे आकडे मोजलेल्या प्रवाहाशी बऱ्यापैकी जुळले, तेव्हा मोठ्या समाधानाने ते कागद कुरुंदवाडच्या मामांपुढे ठेवले. त्या पुरात त्यांच्या घरात छातीइतके पाणी होते. त्यांनी वाडीच्या ठिपक्यावर बोट टेकले.

“दोन्ही नद्या येथे मिळतात आणि खाली जातात, एवढेच ना?”

“होय, मामा.”

“मग पंचगंगेवरून कडबा उलटा वर चालला होता रे, तो यात कोठे आहे?”

मला उत्तर सुचले नाही. कृष्णा तुडुंब भरली की पंचगंगेस वाट मिळत नाही. तिचे पाणी तुंबते, मागे हटते आणि शिवारभर पसरते. संगमाचा नोड केवळ बेरीज जाणतो. खालचे पाणी वर चढते, हे त्यास ठाऊकच नाही. त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. वर्षाच्या पाणीवाटपाचा हिशेब तो चोख ठेवतो. पाणी किती, हे सांगणाऱ्यास पाणी कोठवर, हे मी विचारले, ही चूक माझी. दक्षिणद्वाराच्या सोहळ्यास वाडीला जमणारा भाविक ती करीत नाही. किती घनफूट आले, हे तो विचारीत नाही. पादुकांवर पाणी चढले की नाही, एवढेच पाहतो.

पातळी काढावयाची रीत निराळी. तिला नदीचा तळ, काठांची उंची, पात्राचे आडवे छेद हवेत आणि पुराच्या खऱ्या खुणाही हव्यात. पुढे एका उन्हाळ्यात मोजपट्टी घेऊन मी मामांकडे गेलो. त्यांनी घाटाच्या पायऱ्या दाखविल्या, शेजारच्यांची ओसरी दाखविली. परंतु पहिली नोंद मी केली ती त्यांच्याच माजघराच्या भिंतीवरील गढूळ रेघेची. मामींनी ती अजून पुसू दिली नव्हती.